पैसे गेले, पण कशाचे? पोटगीच्या ऑनलाइन भरण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण मी पैसे देणाऱ्या बाजूचा वकील म्हणून हाताळलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. माझ्या बाजूचे ते ‘पक्षकार’ आणि समोरच्या त्या ‘बाई’, एवढ्यावर भागवतो. शहर आणि न्यायालय सांगत नाही.

पार्श्वभूमी

बाईंनी 2019 च्या मार्चमध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली पोटगीचा अर्ज केला. जानेवारी 2021 मध्ये कौटुंबिक न्यायालयाने आदेश दिला: बाईंना दरमहा 12,000 आणि मुलीसाठी 8,000, म्हणजे 20,000 रुपये, दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत, ‘अर्जदाराच्या बँक खात्यात’ जमा करायचे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात (4 नोव्हेंबर 2020) तसंच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे आदेश झाला त्याच दिवशी मागच्या बावीस महिन्यांची मोठी थकबाकी डोक्यावर आली. पक्षकारांनी ती हप्त्याहप्त्याने फेडली. शेवटचे 60,000 मात्र वादात राहिले. पक्षकार म्हणत, ते रोख दिले. बाई म्हणत, मिळालेच नाहीत. पावती नव्हती.

पुढे त्याच वर्षी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. घटस्फोटाने पोटगी थांबत नाही. पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्री कलम 125 च्या व्याख्येत ‘पत्नी’च असते, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

6 एप्रिल 2023 रोजी बाईंनी वसुलीचा अर्ज दाखल केला. एप्रिल 2022 ते मार्च 2023 या बारा महिन्यांची पोटगी मिळाली नाही, एकूण 2,40,000 रुपये येणे. तारीख नीट बघून निवडली होती. कलम 125(3) खाली रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच वॉरंट निघतं. एप्रिल 2022 चा हप्ता 10 एप्रिलला देय झाला होता, त्यामुळे आणखी चार दिवस गेले असते तर तो महिना हातातून निसटण्याच्या बेतात होता.

पक्षकारांना नोटीस मिळाली आणि ते गेलेच नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, “मी भरतोय की! मग जायचं कशाला?” ऑगस्टमध्ये वसुलीचं वॉरंट निघालं, तेव्हा माझ्याकडे आले.

अडचण

त्यांनी येताना मोबाइलचे 41 स्क्रीनशॉट रंगीत छापून, स्पायरल करून आणले होते. वर शीर्षक: ‘सर्व पुरावे’. बारा महिन्यांचा हप्ता भरायला फार तर बारा-पंधरा व्यवहार लागतात. मग 41 कुठून आले? काही दोनदा छापलेले होते, काही मुलीच्या मोबाइल रिचार्जचे, दोन तर विजेच्या बिलाचे.

दोन दिवस बसून बारा महिने एकेक करून लावले. निघालेलं चित्र असं.

एप्रिल ते ऑगस्ट 2022: जुन्या पगाराच्या खात्यातून एनईएफटी, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याची एक पद्धत. एप्रिल, मे, जून अगदी नेमके, 20,000 आणि 10 तारखेच्या आत. जुलैमध्ये 22 तारखेला 15,000, ऑगस्टमध्ये 19 तारखेला 25,000. शेऱ्याचा रकाना पाचही वेळा कोरा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर: नोकरी बदलली, जुनं खातं बंद केलं, नव्या खात्यातून बाईंच्या मोबाइल नंबरवर यूपीआय. तीन महिन्यांत पाच तुकडे.

डिसेंबर आणि जानेवारी: नव्या खात्याची केवायसी अडकली म्हणून मोठ्या बहिणीने तिच्या खात्यातून आयएमपीएसने (बँकेतून बँकेत लगेच) पैसे पाठवले, 20,000 आणि 20,000.

फेब्रुवारी 2023: यूपीआय, 20,000, स्क्रीनशॉट आहे.

मार्च: मुलीच्या शाळेची फी 23,500, थेट शाळेच्या खात्यात.

वरवर पाहिलं तर माणूस खरंच भरत होता. पण बाईंचं शपथपत्रही वाचून खोटं वाटत नव्हतं. त्यांनी न्यायालयात आपला खातेउतारा जोडला होता, आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत त्यात पक्षकारांच्या नावाची एकही जमा नव्हती. एनईएफटीच्या पाच रकमा दिसत होत्या. त्यांच्यासमोर पेनाने लिहिलं होतं, ‘जुनी थकबाकी’.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ऑनलाइन पैसे दिल्याचा पुरावा म्हणजे तीन वेगळे प्रश्न असतात. पैसे माझ्याकडून निघाले का, समोरच्याकडे पोहोचले का, आणि कशापोटी गेले. पहिल्याचं उत्तर बँक देते. दुसऱ्याचंही देते, पण मागावं लागतं. तिसऱ्याचं उत्तर बँकेकडे नसतंच. ते फक्त पाठवणाऱ्याने पाठवताना लिहून ठेवलं असेल तरच असतं. आमच्या पक्षकारांनी पहिल्या प्रश्नाचे 41 कागद आणले होते.

पर्याय

त्यांना स्वतःला एक रस्ता फार आवडला होता: बाईंनी खोटं शपथपत्र दिलं म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 340 चा अर्ज. “आधी त्यांना आत टाका, मग बोलू.” हा राग मी जवळपास दर महिन्याला ऐकतो. यात दोन खड्डे होते. एक, बाईंना माहीत असून त्या खोटं बोलल्या हे दाखवावं लागलं असतं, आणि त्यांचा खातेउतारा तर त्यांच्या बाजूने बोलत होता. दुसरा खड्डा फेब्रुवारीचा. तो मला पुढे सापडला, आणि तेव्हा 340 चा विषय आमच्या बोलण्यातून आपोआप गेला.

बहिणीचं म्हणणं वेगळं होतं. कर्ज काढून 2,40,000 भरून टाकू आणि मोकळे होऊ. मानसिक शांततेची किंमत म्हणून काही जण तसं करतात, मी त्यांना हसत नाही. पण दोनदा भरलेली पोटगी परत मागायला सोपी वाट नसते. शिवाय इथे ज्या सवयीमुळे घोळ झाला ती सवय तशीच राहिली असती आणि पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा आला असता.

तिसरा पर्याय म्हणजे स्क्रीनशॉट जसेच्या तसे जोडून ‘सर्व रक्कम अदा केली आहे’ असं म्हणणं दाखल करणं. वेळ कमी होता, वॉरंट डोक्यावर होतं, आणि खरं सांगतो, घाईत मीही तेच केलं असतं. फक्त फेब्रुवारीचा स्क्रीनशॉट मला जरा आखूड वाटला. इतर सगळ्यांवर वर हिरवी खूण होती, हा वरून कापलेला होता. मूळ फोनमध्ये बघितलं. रकमेच्या वर बारीक अक्षरात ‘प्रलंबित’.

नव्या खात्याच्या उताऱ्यात 9 फेब्रुवारीला 20,000 नावे (खात्यातून वजा) आणि 10 फेब्रुवारीला तेवढेच परत जमा. व्यवहार फसला होता आणि पैसे आपोआप परत आले होते. खात्यातून पैसे गेले पण समोर जमा झाले नाहीत, तर यूपीआयमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत फिरवावेत, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी, असं रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक आहे. बँकेने नियम तंतोतंत पाळला होता. लक्ष आमच्या पक्षकारांचं नव्हतं, कारण त्याच आठवड्यात पगार जमा झाला होता.

हा कागद ‘अदा केल्याचा पुरावा’ म्हणून निशाणीवर (न्यायालयाच्या पुराव्यात) गेला असता आणि समोरच्या वकिलांनी उलटतपासात खातेउतारा समोर धरला असता, तर बाकीच्या अकरा महिन्यांची खरी कागदपत्रंही कोणी सरळ नजरेने पाहिली नसती.

मग उरला तो चौथा पर्याय: महिनावार हिशेब मांडायचा, जिथे आपण चुकलो ते आपणच आधी कबूल करायचं, आणि जिथे समोरच्याकडे पैसे पोहोचल्याचा पुरावा आपल्याकडे नाही तिथे तो मिळवायचा.

काय केलं

पहिलं काम वॉरंटचं. हजर झालो, फेब्रुवारीचे 20,000 दिले नसल्याचं लेखी मान्य केलं. तुकडे मोजताना आणखी 2,000 कमी निघाले होते: यूपीआयच्या पाच रकमा 10,000, 10,000, 20,000, 12,000 आणि 6,000, म्हणजे 58,000. पक्षकार ‘साठ दिले’ असं शपथेवर सांगायला तयार होते, कारण त्यांच्या डोक्यात साठच होते. हे 22,000 आम्ही बाईंच्या मूळ खात्यात एनईएफटीने भरले, शेऱ्यात ‘पोटगी थकबाकी’ आणि महिन्यांची नावं लिहिली, यूटीआर क्रमांकासह (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) पुरसीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन दिलं. न्यायालयाने वॉरंटला तात्पुरती स्थगिती दिली. न मागता कबूल केलेल्या या 22,000 मुळे पुढच्या तारखांना आमच्या शब्दाला वजन आलं, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही.

दुसरं काम तक्त्याचं. एका ओळीत एक व्यवहार: कोणत्या महिन्याची पोटगी, देय तारीख, भरल्याची तारीख, रक्कम, पद्धत, कोणत्या खात्यातून, कोणत्या खात्यात, संदर्भ क्रमांक, आणि आमच्या उताऱ्याचं पान. शेवटचा रकाना मुद्दाम रिकामा ठेवला: ‘अर्जदाराच्या उताऱ्यातील नोंद’.

संदर्भ क्रमांकाला लोक किंमत देत नाहीत. स्क्रीनशॉटवरचं नाव, रंग, खूण, सगळं बनवता येतं. पण एनईएफटीचा 16 अक्षरी यूटीआर किंवा यूपीआयचा 12 अंकी क्रमांक दोन्ही बँकांच्या नोंदीत असतो आणि दोन्हीकडे पडताळता येतो. यूपीआयच्या क्रमांकाचे पहिले चार अंक बहुतेक वेळा तारीखच सांगतात: पहिला वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस. आमचा 10 सप्टेंबर 2022 चा व्यवहार 2253 ने सुरू होत होता, 2022 चा 253 वा दिवस. कायद्याने याला पुरावा म्हणत नाहीत, पण चुकीच्या महिन्यात लागलेले दोन कागद मी यावरूनच पकडले.

तिसरं काम बँकेचं, आणि यात सगळ्यात जास्त दिवस गेले. बंद झालेल्या खात्याचं नेट बँकिंगही बंद. शाखेत अर्ज, ओळखपत्रं, दोन चकरा. बँकांना व्यवहारांच्या नोंदी निदान पाच वर्षं ठेवाव्याच लागतात, त्यामुळे ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’ हे काउंटरवरचं उत्तर शेवटचं मानू नये. नुसता शिक्का मारलेला प्रिंटआउटही पुरत नाही. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 च्या कलम 2अ प्रमाणे संगणकीय उताऱ्यासोबत शाखेच्या जबाबदार अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी ते कधी दिलेलं नव्हतं. आम्ही मसुदा टाइप करून नेला, त्यांनी वाचला, वर विचारलं, सही केली. अकराव्या दिवशी उतारा हातात.

सोबत पुरावा कायद्याच्या कलम 65ब चं प्रमाणपत्र जोडलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल (14 जुलै 2020) हा आपल्याकडच्याच निवडणुकीच्या वादातला निकाल. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर हे प्रमाणपत्र हवंच, असं त्यात ठरलं. कौटुंबिक न्यायालयाला 1984 च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम 14 खाली पुराव्याच्या नियमांत सवलत आहे, त्यामुळे प्रमाणपत्राशिवाय कागद फेटाळले गेलेच असते असं नाही. पण एका पानासाठी हरकत कशाला ओढवून घ्यायची?

आता यूपीआय. पैसे निघाले हे दिसत होतं, बाईंच्या खात्यात ते नव्हते. मग गेले कुठे? नव्या बँकेच्या उताऱ्यातल्या बारीक वर्णनात उत्तर होतं. घेणाऱ्याच्या नावापुढे बँकेचा संक्षेप होता, आणि ती बँक न्यायालयात दिलेल्या उताऱ्याची नव्हती. नावही लग्नानंतरचं होतं. घटस्फोटानंतर बाईंनी माहेरचं नाव लावलं होतं आणि पोटगीचं खातं त्या नावावर होतं. म्हणजे हे त्यांचं लग्नातलं जुनं खातं. मोबाइल नंबरवर पैसे पाठवताना पाठवणाऱ्याला खातं दिसत नाही. त्या नंबरला जे खातं जोडलेलं असेल तिथे पैसे जातात. स्क्रीनवर ओळखीचं नाव आलं की आपण बिनधास्त पिन टाकतो.

इथे दोन वाटा होत्या. न्यायालयाकडून त्या बँकेला नोंदी हजर करायचा हुकूम मिळवायचा, किंवा आधी समोरच्या वकिलांना पत्र लिहायचं. पक्षकारांना हुकूमच हवा होता. मी पत्र लिहिलं. पाच व्यवहार, पाच क्रमांक, बँकेचं नाव, आणि एकच विनंती: आपल्या पक्षकारांच्या या खात्याचा उतारा पाहून म्हणणं द्यावं. आरोपाचा एकही शब्द नाही.

तीन आठवड्यांनी पुढच्या तारखेला बाईंनी स्वतःच तो उतारा आणला. जुना नंबर आणि जुना फोन त्यांनी वडिलांना वापरायला दिला होता. खातं त्याच फोनला जोडलेलं राहिलं होतं. वडील त्यातून घरखर्च चालवत होते. बाईंना वाटत होतं ते निवृत्तिवेतनातून करताहेत. वडिलांना वाटलं, जावयाने टाकलेत म्हणजे लेकीला माहीतच असणार. त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात बाई बराच वेळ कोणाशी बोलल्या नाहीत. पाचही रकमा पाचही क्रमांकांसह जुळल्या, आणि आमच्या तक्त्यातला रिकामा रकाना त्यांच्याच कागदावरून भरला गेला.

हुकूम मागितला असता तरी उतारा आलाच असता. फक्त तो ‘खोटं उघडं पाडणारा’ उतारा म्हणून आला असता, आणि पुढे जे थोडंफार सामोपचाराने झालं ते झालं नसतं.

बहिणीच्या दोन रकमांवर समोरून हरकत आली: लग्न टिकून असताना बाईंनी नणंदेला काही उसने दिले होते, ते तिने फेडले. उसनवारी खरी होती, दोन्ही बाजूंना मान्य. रक्कम मात्र 30,000 होती, 40,000 नाही. पण वाद मिटवला तो एका व्हॉट्सॲप संदेशाने. 9 डिसेंबरला पक्षकारांनी लिहिलं होतं, “ताईच्या खात्यातून 20 पाठवलेत, माझं खातं अडकलंय.” खाली बाईंचं उत्तर, “मिळाले. पुढचे 10 च्या आत टाका.” जानेवारीत असाच संदेश आणि नुसता अंगठा. संपूर्ण संभाषण फोनमधून काढलं, फोन तारखेला सोबत ठेवला, बहिणीचं शपथपत्र दिलं. करार कायद्याच्या कलम 41 चं तत्त्व सांगितलं: तिऱ्हाइताकडून पूर्तता स्वीकारली की ती पुन्हा मूळ माणसाकडे मागता येत नाही.

खरा कायद्याचा वाद एनईएफटीच्या पाच रकमांवर झाला. पैसे मिळाले हे बाईंना मान्यच होतं. प्रश्न तिसरा होता: कशापोटी? त्यांच्या वकिलांनी करार कायद्याचं कलम 60 वाचलं. देणेकऱ्याने पैसे कशाचे हे सांगितलं नाही, तर घेणारा ते कोणत्याही कायदेशीर येण्यात वळते करू शकतो, आणि ते येणं मुदतबाह्य झालेलं असलं तरी चालतं. डाव चांगला होता. जुन्या 60,000 साठी आता वॉरंट निघालं नसतं, वर्ष उलटलं होतं. पण आलेले पैसे तिकडे वळवले की चालू महिने मोकळे राहतात आणि त्यांच्यासाठी वॉरंट निघतं. एका कोऱ्या रकान्याची किंमत.

आम्ही कलम 59 वाचलं, त्यातलं पहिलं उदाहरण: अ ने ब ला 1 जूनला 1,000 रुपये वचनचिठ्ठीपोटी द्यायचे आहेत, तेवढ्याच रकमेचं दुसरं देणं नाही, आणि 1 जूनला अ ने 1,000 दिले, तर ते वचनचिठ्ठीचेच. सांगितलं नसलं तरी परिस्थिती सांगते. 10 तारखेच्या आत नेमके 20,000 म्हणजे त्या महिन्याचीच पोटगी. एप्रिल, मे, जूनला हे चपखल बसत होतं. जुलैच्या 22 तारखेचे 15,000 आणि ऑगस्टचे 25,000 यांना बसवताना मला स्वतःलाच घाम फुटला. पोटगीचा आदेश म्हणजे करार नव्हे, हे समोरून सांगितलं गेलं. पण हिशेबाचं तत्त्व म्हणून दोन्ही कलमं न्यायालयाने विचारात घेतली.

निकाल

फेब्रुवारी 2024 मध्ये आदेश झाला. एप्रिल ते जूनचे 60,000 त्या त्या महिन्यांचे धरले. यूपीआयचे 58,000 आणि बहिणीचे 40,000 मान्य. जुलै-ऑगस्टच्या 40,000 ची रक्कम आणि तारीख दोन्ही हप्त्याशी जुळत नसल्याने ती जुन्या थकबाकीत वळती करण्याचा बाईंचा हक्क मान्य, म्हणून ते दोन महिने थकीत. शाळेच्या फीची वजावट नाही: आदेशात ‘अर्जदाराच्या बँक खात्यात’ असे शब्द आहेत, बापाने फी भरली हे चांगलं, पण ती पोटगी नाही.

म्हणजे 2,40,000 पैकी 1,58,000 दिलेले ठरले. उरलेल्या 82,000 पैकी 22,000 आधीच भरले होते. 60,000 चे तीन हप्ते पाडून मिळाले, चालू पोटगीसोबत. वॉरंट रद्द.

फीच्या निर्णयाबद्दल पक्षकारांना आजही वाईट वाटतं. मला तो निर्णय योग्य वाटतो. पोटगी कशावर खर्च करायची हे ठरवण्याची मोकळीक हाच तिचा अर्धा अर्थ आहे. देणाऱ्याने परस्पर फी, रिचार्ज, बिलं भरून ‘एवढं वजा करा’ म्हटलं, तर घराचा कारभार पुन्हा त्याच्याच हातात जातो.

आज करायचं तर

निर्णयाच्या जागा मागे वळून पाहिल्या तर सगळ्यात महागात पडलेली गोष्ट न्यायालयातली नव्हती. नोकरी बदलली त्या आठवड्यात त्यांनी बाईंच्या मूळ खात्याचा क्रमांक नव्या बँकेत नोंदवला असता तर अर्धं प्रकरण उभंच राहिलं नसतं. लाभार्थी नोंदवायचा कंटाळा, म्हणून मोबाइल नंबर. आणि पगार पुढेमागे होऊ लागला तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 127 खाली रक्कम बदलून मागता आली असती, निदान तसं कळवता आलं असतं. तुकडे पाडून आणि तारखा हलवून त्यांनी स्वतःचाच पुरावा पातळ केला.

माझी चूकही नोंदवतो. व्हॉट्सॲपचं संभाषण मी तिसऱ्या तारखेला मागितलं. पहिल्याच बैठकीत मागायला हवं होतं, कारण ‘कशापोटी’ याचं उत्तर असण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक असते. जुलै-ऑगस्टचेही संदेश होते, पण मधल्या काळात फोन बदलला आणि बॅकअप अपुरा निघाला. ‘जुलैचे अर्धे पाठवलेत’ असा एखादा संदेश सापडला असता तर 40,000 कदाचित वाचले असते. बाईंच्या फोनवर असेल, पण त्यांनी तो स्वतःविरुद्ध का द्यावा?

बाईंच्या बाजूनेही एक जागा होती. अर्ज करण्यापूर्वी आपल्या नावावरची सगळी खाती एकदा पाहिली असती, तर बारा महिन्यांऐवजी चार-पाच महिन्यांचा, पण भक्कम अर्ज झाला असता. फुगवलेला अर्ज फुटला की त्यातला खरा भागही संशयात येतो. फेब्रुवारीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं.

1 जुलै 2024 पासून कायद्यांची नावं आणि कलमं बदलली. नव्या प्रकरणांत कलम 125 च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 येतं, 65ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63. प्रमाणपत्राचा नमुनाही ठरवून दिला आहे, भाग अ पक्षकाराचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून काढलेला, तिची ओळख पटवणारा संकेतांक) लिहावं लागतं. हे ऐकून लोक घाबरतात. पण आमच्या प्रकरणात एकही कागद प्रमाणपत्राअभावी पडला नाही. जे 40,000 गेले ते शेरा नव्हता म्हणून गेले.

आता पक्षकारांच्या बँकेत दर महिन्याच्या 5 तारखेची कायम सूचना आहे, एकाच खात्यातून एकाच खात्यात. शेरा ते स्वतः बघतात, पैसे गेले की बाईंना एक ओळ पाठवतात, बाई ‘मिळाले’ लिहितात. दर तीन महिन्यांनी दोन्ही उतारे काढून माझ्याकडे देतात, मी एका फाइलला लावतो. गेल्या वर्षी जानेवारीत शेऱ्यात आदल्या वर्षाचा आकडा तसाच राहून गेला. वीस मिनिटांत त्यांनी बाईंना दुसरा संदेश केला की शेऱ्यातलं वर्ष चुकलंय, हे याच महिन्याचे आहेत. बाईंचं उत्तर आलं, “कळलं.” तो स्क्रीनशॉट त्यांनी मला पाठवला. या वेळी वरून न कापता.